डाव्या खांद्याला उतरलेली गाडी

बुधवार, तारीख दहा
दुपारी, गॅरेजच्या बाकावरून

चिरंजीव भाचेबुवांस,

मामाचा हात आणि तुझं डोकं यांच्यामध्ये नऊ तासांचा रस्ता आहे, म्हणून आशीर्वाद कागदावरून पाठवतो आहे, तो घडी उघडून नीट डोक्यावर घे. सूनबाईंचा खोकला गेला असेल. (गेला नसेल तर पंख्याखाली झोपू नका म्हणावं, मी मागच्या वेळीच सांगितलं होतं.) नातीचा पुढचा दात आला का? तिचा फ्रॉक शिवून तयार आहे, पण मापं चार महिन्यांपूर्वीची आहेत, म्हणून शिलाईत दोन बोटं दाबून ठेवली आहेत, सोडवून घ्या. आम्ही दोघं इकडे खुशाल. मी खुशाल म्हणजे गुडघे सोडून बाकीचा, आणि ताई (म्हणजे तुझी आई, पण मला ती ताईच, साठ वर्षांची सवय आता कुठे मोडू) खुशाल म्हणजे मला बोलायला तिला पूर्वीइतकाच जोर आहे.

फोन करायचा सोडून कागद का खरडतोय, असं तुला वाटेल. फोनवर बोलायला लागलो की पलीकडच्या खोलीतून ताई माझी वाक्यं पुरी करते, आणि ती पुरी झाली की माझ्या मनात होतं त्याच्या उलटी झालेली असतात. शिवाय विषय असा आहे की बोलताना माझा आवाज कापेल, आणि तुला वाटेल मामा म्हातारा झाला. तो झालाय, पण ते तुला आवाजावरून कळू नये.

विषय तुला ठाऊक आहेच. शनिवारी ताईने तुला अंगणातला फोटो पाठवला, वॉकर धरून गाडीशेजारी उभी राहिल्याचा. मला वाटलं होतं तू लिहिशील, आई किती ताठ उभी राहायला लागली. तू लिहिलंस, "मामा, गाडी डावीकडे का बसलीय?" आणि खाली पुढचं, जे वाचून माझ्या हातातली कात्री टेबलावर ठेवावी लागली, की एकवीस तारखेच्या रविवारी मी येतोय, गाडी धड नसेल तर आईला घेऊन जाईन, आता आणखी ऐकणार नाही. गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हाच आपलं ठरलं होतं, हे मला मान्य आहे. व्यायामाचं केंद्र टेकडीच्या पायथ्याशी, घर टेकडीवर, वर बस चढत नाही, रिक्षा मिळाली तर नशीब. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला खाली न्यायचं, लागोपाठ दोन खेपा चुकल्या तर सांधा धरतो असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, आणि न्यायला तुझ्या बाबांची ही एकच गाडी. गाडी आहे तोवर ताई इथे, गाडी बसली की ताई तुझ्याकडे. म्हणजे बाळा, त्या डाव्या चाकावर नुसती गाडी नव्हती टेकलेली.

मी अंगणात जाऊन पाहिलं. खरंच बसली होती. मागची डावी बाजू खाली, आणि त्यामुळे पुढची उजवी नाक वर केल्यासारखी. गाडी गॅरेजात टाकावी हे कोणालाही सुचलं असतं. मलाही सुचलं. पण गॅरेजवाला तुझा शाळेतला बाकावरचा जोडीदार. (आम्ही त्याला 'थांबा' म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू होतं आणि बऱ्याचदा तिथेच संपतं.) त्याने गाडी पाहिली असती की संध्याकाळच्या आत तुला कळलं असतं. म्हणून मी ठरवलं की आपणच निदान करायचं. चाळीस वर्षं मी माणसांचे खांदे मोजले, भाचेबुवा, आणि दोन्ही खांदे सारखे असलेलं गिऱ्हाईक मला एकदाही भेटलं नाही. कोणाचा डावा उतरलेला, कोणाचा उजवा. ते त्याला आरशासमोर उभं करून सांगायचं नसतं. गुपचूप त्या बाजूला आत कापसाचा एक थर जास्त घालायचा आणि कोट सरळ करून हातात द्यायचा. गिऱ्हाईक खूश, आपण खूश, खांदा आपल्या जागी उतरलेला तो उतरलेलाच. मी म्हटलं, गाडी तरी वेगळी काय असणार.

तर गळ्यात टेप आणि हातात खडू घेऊन मी रविवारी सकाळी गाडीला मापाला उभं केलं. जमिनीपासून चाकावरच्या कमानीपर्यंत, घागऱ्याचा घेर घेतात तसं. मागची उजवी सव्वीस इंच, मागची डावी सव्वाचोवीस. पावणेदोन इंचांचा फरक. मनाची खात्री म्हणून गाडी बाहेर काढून तोंड फिरवून पुन्हा लावली, तर फरक एक इंचावर आला. पुन्हा फिरवली, पुन्हा पावणेदोन. चार वेळा मी ती गाडी फिरवली आणि चारही वेळा तिने साक्ष फिरवली. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे गवंडीकाका म्हणाले, "मास्तर, गाडीला दृष्ट काढताय का?" मी अडचण सांगितली. ते पाण्याची पारदर्शक नळी घेऊन आले, दोन टोकं दोन भिंतींना धरली आणि म्हणाले की अंगणालाच दोन बोटं उतार आहे. मी म्हटलं, कोणत्या आंधळ्याने घातली ही फरशी? ते म्हणाले, "मी. पाणी कुठून जाणार मग, तुमच्या तोंडातून?" आणि नळी गुंडाळून जे गेले ते अजून बोलत नाहीत. (तू आलास की दोन शब्द गोड बोलून ये. मी गेलो तर ते मला नळी दाखवतात.)

उतारावर गाडी आणखी कलते, हे एक शिकलो. दुसरं, डाव्या चाकात हवा कमी होती, ती भरली तर पाव इंच उचलली. तिसरं, डिकीवर सगळं अंग टाकून दाबलं आणि सोडलं, तर गाडी खाली गेली, वर आली आणि तिथेच थांबली, नाचत राहिली नाही. तुझ्या बाबांनी जपलेल्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की नाचली तर शॉकअॅब्सॉर्बर गेला समजा. म्हणजे तो शाबूत. पुढचं पान उंदरांनी खाल्लंय. नेमकं पुढच्या पानावरच, बसलेली गाडी का बसते, ते असणार.

मग माझ्या मनात एक पाप आलं. ताई हाड मोडल्यापासून मागच्या सीटवर डावीकडे बसते, पाय उजवीकडे लांब करून. मी मनात म्हटलं, वर्षभर एकाच बाजूला... आणि पुढचा विचार मनातच गिळला, कारण वजनाचा विषय तिच्यासमोर काढायला माझ्यात तेवढी हिंमत नाही. मी नुसतं म्हटलं की ताई, पुढच्या खेपेपासून उजवीकडे बस, तिकडून बाहेरचं छान दिसतं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तराजूतलं माप समजतोस का मला? इकडून उचलायचं आणि तिकडे ठेवायचं?" मी म्हटलं तसं नाही. ती म्हणाली, "तसंच आहे. आणि तुझ्या डोक्यात जे आहे ते त्या गाडीचं नाही, गाडी आपली निमित्त." मला ते समजलं नाही. मी म्हटलं, स्प्रिंगचं आहे. ती पुढची जुडी सोडायला लागली.

सोमवारी मी तो कापसाचा थर घातला. म्हणजे कापूस नाही, जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा. जॅकवर गाडी उचलली, मागच्या डाव्या स्प्रिंगचे वेढे अलग झाले, त्यातल्या दोन वेढ्यांमध्ये तो तुकडा सारला, वरून जाड धाग्याने आवळला आणि जॅक काढला. मोजलं. दोन्हीकडे सव्वीस, केसाचाही फरक नाही. अशी सरळ उभी की मला वाटलं आरसा आणून तिला दाखवावा. ताई खिडकीतून बघत होती. तिला मी म्हटलं, बघ, झाली की नाही सरळ. ती म्हणाली, "झाली खरी." तिच्या बोलण्यात आनंद कमी वाटला, पण मी तो माझ्यातला वापरून भागवला.

आता मंगळवारचं, म्हणजे कालचं. हे वाचून लगेच फोन उचलू नकोस, शेवटपर्यंत वाच. आम्ही दहा वाजता निघालो. ताई उजवीकडे बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली, पाय डावीकडे लांब केलेला. तो टेकडीचा उतार तुझ्या ओळखीचा आहे, चार वळणं, डाव्या हाताला दरीचा कठडा, तोही मध्ये मध्ये. पहिलं वळण गेलं. मागून पाण्याचा टँकर लागला होता, अगदी पाठीला पाठ लावून. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे रस्ता खोदून बुजवलाय तिथे चाक आपटलं आणि मागून डावीकडे 'ठक' असा आवाज आला, आणि माझ्या पाठीखालून गाडी एक पायरी उतरली. बस, एकच पायरी. टायरचा तो तुकडा निघून रस्त्याच्या कडेला पळताना मला आरशात दिसला. एरवी मी त्याच्या मागे पळालो असतो.

वळण उजवीकडचं होतं. उजवीकडे वळलं की सगळा भार डाव्या चाकावर जातो, हे त्या दोन सेकंदांत कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त स्पष्ट कळलं. चाक कमानीला लागलं आणि खर्रर्र असा आवाज आला, किमती कापड चुकीच्या ठिकाणी फाटताना येतो तसा. जळक्या रबराचा वास पुढे आला. मी ब्रेकवर पाय ठेवणार, तर आरशात टँकरचं नाक, आणि त्याच्या मागे किती पाणी ते तू समज. ब्रेक दाबला तर तो आत येणार, नाही दाबला तर चाक फुटणार, आणि मागच्या सीटवर ते हाड, ज्याला डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की धक्का म्हणून लागता कामा नये. मी विचारलं, ताई, पाय? ती म्हणाली, "पाय आपल्या जागी आहे. तू आपल्या जागी राहा. पुढे बघ." मी दिवा लावला, हात बाहेर काढला, गाडी हळूहळू चालण्याच्या वेगावर आणली. टँकरवाला हॉर्न वाजवून आमच्या घराण्याचा उद्धार करत होता, आणि मी त्याचा मनोमन आभारी होतो की निदान तोंडाने बोलतोय, टँकरने बोलत नाही.

तिसरं वळण डावीकडचं, तिथे चाक सुटं झालं आणि आवाज थांबला. मला वाटलं सुटलो. तर मागून ताई शांतपणे म्हणाली, "पुढचं उजवीकडचं आहे." मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, "ते मोठं आहे." मी म्हटलं, ताई, माहीत आहे. ती म्हणाली, "माहीत आहे तर खांदे कानापर्यंत का गेलेत तुझे?" त्या चौथ्या वळणावर मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही. खर्रर्र आवाज सुरू झाला तो संपेना. आरशात ताई दिसत होती, तिने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळे उघडे ठेवले होते. बाळा, माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते मी कोणाला सांगणार नाही, तुलाही अर्धंच सांगतो. मी म्हणत होतो की ही एवढी खाली उतरू दे, मग तिला नऊ तासांवर काय, कुठेही नेऊ देत. (ते बोलणं त्या वेळेपुरतं होतं. माणूस अशा वेळी काहीही कबूल करतो.)

वळण संपल्यावर वखारीसमोर मोकळी जागा आहे, तिथे गाडी लावली. टँकरवाला शेजारी थांबला, दोन शब्द बोलणार होता, पण ताईने काच खाली करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तर म्हणाला, "मावशी, पाणी हवंय का?" आणि गेला. केंद्र तिथून तीनशे पावलांवर. रिक्षा बघतो म्हटलं, तर ताई म्हणाली, "व्यायामालाच चाललेय ना मी?" आणि वॉकर घेऊन चालायला लागली. घर सोडून रस्त्यावर एवढं ती वर्षात पहिल्यांदा चालली. मी शेजारून, एक हात तिच्या पाठीमागे न टेकवता धरून. निम्म्या वाटेत ती थांबली आणि म्हणाली, "ऐक, तुला एक सांगायचंय." मी म्हटलं, मला कळलंय ताई, तुकडा बांधायला धागा कमी पडला, मी तार वापरायला हवी होती. तिने वॉकर पुन्हा नीट धरला. मग म्हणाली, "हो. तार." आणि चालायला लागली.

आता गॅरेज. थांबाशेठने काल गाडी ओढून आणली, आणि आज मी त्याच्या बाकावर बसून हे लिहितोय. त्याने पहिल्यांदा माझा टेप बाजूला ठेवला. सपाट फरशीवर गाडी, चारही चाकांत सारखी हवा, आणि माप जमिनीपासून नाही, चाकाच्या मधल्या बिंदूपासून कमानीपर्यंत, म्हणजे हवा आणि फरशी दोन्हींचा हिशोबच उरत नाही. ऐकलं आणि कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं आपण मानेच्या हाडापासून खांदा मोजतो, जमिनीपासून नाही, आणि गाडीपाशी आलो की अक्कल गहाण. फरक निघाला दीड इंच. मग तो म्हणाला, "थांबा. डिकी रिकामी करा." मी म्हटलं, तिचं कुलूप दोन महिने अडकलंय, ताई सांगत होती, किल्ली फिरत नाही. "थांबा," तो म्हणाला, आणि तेवढ्यात गाडीखाली जाऊन त्याला जे हवं होतं ते सापडलं. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटला होता. खालच्या वाटीत बसतो, म्हणून चाक उतरवून चाचपल्याशिवाय दिसत नाही. जुनी जखम, काठाला गंज चढलेला. मी त्याच्यावर दोन मजले वर कापूस भरत बसलो होतो. "काका," तो म्हणाला, "हे तुम्ही केलंत?" आणि स्प्रिंगला अडकलेला माझा धागा बोटावर धरून दाखवला. मी म्हटलं, पक्का आहे ना? तो म्हणाला, "धागा पक्का आहे."

मागच्या दोन्ही स्प्रिंगा बदलायच्या, कारण एकच बदलली तर नवी ताठ आणि जुनी वाकलेली, पुन्हा तेच. शुक्रवारी सकाळी गाडी मिळेल, दुपारी ताईची खेप. एकही चुकणार नाही. तेव्हा भाचेबुवा, आता माझं म्हणणं स्वच्छ ऐक. गाडी धड नसेल तर, असं तुझंच वाक्य आहे. गाडी धड आहे. एकवीस तारखेला ये, पोराबाळांना घेऊन ये, चार दिवस राहा, पण जाताना जेवढे आलात तेवढेच जा. तुझे बाबा गेले तेव्हा मी मशीन घेऊन चार दिवसांसाठी तुमच्या पुढच्या खोलीत आलो होतो, त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं सकाळचा चहा मी करतो आणि नावं ती ठेवते. तिला इथून हलायचं नाही. मी तिला विचारलेलं नाही, पण एका घरात राहून विचारावं लागतं का? मला तिच्या मनातलं सगळं कळतं.

सूनबाईंना आशीर्वाद, नातीला पापा. थांबाने तुला काही कळवलं असेल तर त्यातलं अर्धं खरं मान.

तुझा,
मामा

ता. क. शुक्रवार, तारीख बारा. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. सकाळी गाडी आणायला गेलो. दोन्ही स्प्रिंगा नव्याकोऱ्या. थांबाने मोजलं, पुन्हा मोजलं, आणि डावी बाजू अजून पाऊण इंच खाली. तो म्हणाला, "थांबा. स्प्रिंग नवी आहे, वजन आत आहे." मी कुलपाचं पुन्हा सांगितलं. त्याने माझ्या जुडग्यातली डिकीची किल्ली घातली आणि फिरवली. पहिल्याच फेऱ्यात उघडली. कुलूप अडकलेलं नव्हतंच.

आत ताईचं सामान होतं. डाव्या बाजूला, तळाशी, तिच्या हातमशीनचं लोखंडी डोकं, चादरीत बांधलेलं. त्यावर तुझ्या बाबांचं पुस्तकांचं खोकं, तुझ्या आजोबांचा खलबत्ता, पितळेचा डबा, तुझ्या बाबांच्या तसबिरी परकरांमध्ये गुंडाळलेल्या. उजव्या बाजूला हलकं, लोकरीचे कपडे, आणि नातीसाठी विणायला घेतलेला स्वेटर, सुयांसकट. वॉकर धरून एका खेपेला एका हातात एवढंसंच येतं, जड गाठोडं वॉकरला टांगलं असणार, म्हणजे मी किल्ल्या घरी ठेवून चालत दुकानात कापड आणायला जायचो तेव्हा तेव्हा, दोन महिने ती थोडं थोडं भरत होती. जड वस्तू तिने डावीकडेच ठेवल्या, कारण डावा कोपरा अंगणाच्या पायरीजवळ येतो. प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी लावलेली. एका चिठ्ठीवर लिहिलंय, 'हे नेऊ नये, भावाला चहाला लागतं', आणि त्यात काही नाही, नुसतं रिकामं फडकं. म्हणजे किटली भरली आणि परत काढून ठेवली.

मी थांबाला म्हटलं, लाव परत, जसं होतं तसं. तो या खेपेला थांबा म्हणाला नाही. मीच सांगत गेलो कुठे काय, आणि आम्ही डिकी बंद केली. गाडी पाऊण इंच कललेली तशीच घेऊन घरी आलो. ताई पायरीवर उभी होती. तिने चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, नव्या स्प्रिंगा आहेत, बसायला थोडा वेळ लागतो. ती म्हणाली, "लागतो." दुपारी तिला केंद्रात नेऊन आणलं. वाटेत तिने विचारलं की तू कधी येणार आहेस, एकवीसलाच ना. मी म्हटलं, हो.

ता. क. दुसरा. वर बुधवारी लिहिलेलं सगळं खोडायला हवं होतं, पण कागद दोन्ही बाजूंनी भरलाय. आता खरं मागणं. एकवीसला ये आणि हट्ट धर. तिला 'येतेस का' असं विचारू नकोस, विचारलंस तर ती माझ्याकडे बघून नाही म्हणेल. सरळ सांग की न्यायला आलोय. मी विरोध करणार. मला करावाच लागेल, मी केला नाही तर तिला कळेल की मी डिकी पाहिली, आणि मग ती माझ्या काळजीने जायचीच नाही. मी गाडी दाखवीन, स्प्रिंगा दाखवीन, डॉक्टरीणबाईंचा शब्द पुढे करीन. तुझ्या गावातही व्यायामाचं केंद्र असेलच, आधी चौकशी करून त्याचा पत्ता तोंडपाठ करून ये आणि तो माझ्या तोंडावर मार. सूनबाईंनाही सांग. डिकी माझ्यासमोर उघडू नका.

ता. क. तिसरा. हे पत्र वाचून झालं की फाड, खिशात ठेवू नकोस, कपडे धुवायला टाकताना खिसे ती तपासते, आणि तुझ्याकडे आल्यावर तुझेही तपासेल. आणखी एक. भांडण चढत गेलं की तू मध्येच गप्प बसतोस, तुझ्या बाबांसारखा. त्या दिवशी गप्प बसू नकोस. तू गप्प बसलास तर मी जिंकेन, आणि एकदा जिंकलो की तिला जा म्हणायला माझं तोंड उघडणार नाही.